मदत हवी आहे : सीपॅप यंत्राचा ब्लोअर घरी बदलावा का?

नमस्कार.

माझे वडील (वय ६८) गेली सात वर्षे रोज रात्री सीपॅप यंत्र (झोपेत श्वासमार्ग बंद होऊ नये म्हणून मास्कमधून सतत दाबाने हवा देणारे यंत्र) लावून झोपतात. यंत्र घेण्यापूर्वी झालेल्या झोपेच्या तपासणीत त्यांचा श्वास तासाला सरासरी ४२ वेळा अडत असल्याचे दिसले होते. ३० च्या पुढचा आकडा तीव्र स्लीप अ‍ॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचा, मानतात. डॉक्टरांनी ११ सेंटीमीटर पाण्याइतका दाब ठरवून दिला आणि तेव्हापासून त्यांनी यंत्राशिवाय झोपल्याचे मला आठवत नाही. तेच यंत्र आता बिघडले आहे. ते स्वतः दुरुस्त करण्याचा माझा विचार आहे, पण कुठपर्यंत हात घालावा आणि कुठे थांबावे, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

आधी एक खुलासा करतो. बाबा सध्या भाड्याच्या यंत्रावर झोपत आहेत आणि त्यांच्या डॉक्टरांना सर्व कळवले आहे. बिघडलेल्या यंत्रावर त्यांना एक रात्रही झोपू देणार नाही, त्यामुळे घाई नाही.

गणपतीनंतर यंत्रातून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला आणि तो हळूहळू वाढत गेला. फिल्टर बदलला, नळी बदलली, तरी फरक पडला नाही. मग नवरात्रात एका रात्री दोनच्या सुमारास आईला बाबांच्या घोरण्याने जाग आली. मास्क जागेवर होता, पण यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होत होते. हवा येत असेल तरच मास्कच्या छिद्रांतून उच्छ्वास नीट बाहेर जातो. हवा थांबली की तोच उच्छ्वास पुन्हा आत घेतला जातो. बाबांचा मास्क नाकापुरताच असल्याने त्यांचे तोंड उघडले गेले आणि निभावले. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये यासाठी एक झडप असते, हे मला नंतर समजले.

सेवा केंद्रात यंत्र नेले. हे मॉडेल आता बंद झाले आहे, सुटे भाग मिळणार नाहीत, नवीन घ्या, असे उत्तर मिळाले आणि ५८ हजारांचा आकडा सांगण्यात आला. वॉरंटी संपून बरीच वर्षे झाली असल्याने मी यंत्र घरीच उघडायचे ठरवले. मी इलेक्ट्रॉनिक्समधील पदविकाधारक आहे आणि सोल्डरिंग, मल्टीमीटर हे माझ्या रोजच्या हाताखालचे आहे. मात्र वैद्यकीय उपकरण याआधी कधीही उघडलेले नाही.

सुरुवात अ‍ॅडॉप्टरपासून केली, कारण असे बंद-चालू होण्याचे खापर बहुधा त्याच्यावर फुटते. आमचा अ‍ॅडॉप्टर २४ व्होल्ट, ९० वॅटचा आहे. नुसता मल्टीमीटर लावून अर्थ नव्हता, कारण कमकुवत अ‍ॅडॉप्टरही भाराविना पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून ट्रकच्या इंडिकेटरचे २४ व्होल्ट, २१ वॅटचे तीन बल्ब समांतर जोडून भार दिला. अर्ध्या तासानंतरही २३.९ व्होल्ट टिकून होते. अ‍ॅडॉप्टर निर्दोष ठरला.

यंत्राच्या आत जे दिसले त्याला बहुधा मीच जबाबदार आहे. आम्ही गिरगावात चाळीच्या वरच्या मजल्यावर राहतो. जुलैत छत गळू लागले तेव्हा मी घाईत, हवा दमट करण्यासाठी यंत्राला जोडलेली पाण्याची टाकी न काढताच यंत्र उचलून दुसऱ्या खोलीत नेले होते. यंत्र तिरपे झाले की टाकीतले पाणी हवेच्या मार्गाने मागे ब्लोअरमध्ये, म्हणजे हवा ढकलणाऱ्या मोटर-पंख्यात, शिरते. ब्लोअरच्या तोंडाशी वाळलेल्या पाण्याचे पांढुरके डाग आहेत आणि आसाभोवती गंज धरला आहे. ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांना कळकळीने सांगतो, यंत्र हलवण्याआधी टाकी बाहेर काढा. शेजारच्या टेबलावर सरकवायचे असेल तरी काढा.

मोटर तीन तारांची ब्रशलेस (आत कार्बनचे ब्रश नसलेली) आहे. तारांच्या तिन्ही जोड्यांमधील रोध सारखाच भरतो, म्हणजे वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) शाबूत असावे. आस बोटाने फिरवला तर खरखर लागते. माझा अंदाज असा की बेअरिंग गेले आहे, त्यामुळे वेग वाढताच मोटर जास्त करंट ओढते आणि संरक्षणासाठी बोर्ड स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतो.

दाबाचे मोजमाप मी घरीच केले. सीपॅपचा दाब सेंटीमीटर पाण्यातच सांगतात, त्यामुळे महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक बारीक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवली, त्यात रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरले आणि तिचे एक टोक मास्कजवळ टी जोड लावून यंत्राच्या नळीला जोडले. दोन बाजूंच्या पातळ्यांमधील फरक, तोच दाब. पहिल्यांदा मी एकाच बाजूची चढण मोजली आणि दाब निम्माच भरतो असे समजून घाबरलो. फरक दोन्ही पातळ्यांमधला मोजायचा असतो. यंत्रावर ४ ठेवले तेव्हा ४ मिळाले, ८ ठेवले तेव्हा ७.८ मिळाले, आणि ९ च्या पुढे जाताच यंत्र बंद पडले. म्हणजे दाब मोजणारा सेन्सर ठीक असावा असे वाटते.

आता प्रश्न. नुसते बेअरिंग बदलणे मला धोक्याचे वाटते. पंखा आसावर दाबून बसवलेला आहे आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या त्या पंख्याचा तोल केसाएवढा ढळला तरी कंप सुरू होईल. कुणी हे यशस्वीपणे केले आहे का? की जुळणारा अख्खा ब्लोअर शोधणेच योग्य? आणि अख्खा ब्लोअर बदलल्यावर यंत्राला पुन्हा कॅलिब्रेशन (दाबाचे आकडे नव्याने जुळवणे) लागते का, की बोर्ड सेन्सरच्या आकड्यानुसार वेग आपोआप जुळवून घेतो? शिवाय ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवून ८ च्या दाबाला माझे यंत्र १.४ अँपिअर घेते. याच प्रकारच्या २४ व्होल्टच्या चांगल्या यंत्राचा करंट कुणी मोजला असेल तर तो आकडा मला फार उपयोगी पडेल.

लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केली तेव्हा एका अनुभवी कारागिराने सांगितले, ‘हा तर साधा पंखा आहे, तेल सोडा, चालेल.’ त्यांच्या बोलण्यात अर्धे तथ्य आहे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० च्या सुमारास सिडनीत ही उपचारपद्धती सुरू केली तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. पण ब्लोअरमधून जाणारा प्रत्येक घोट हवा थेट बाबांच्या फुप्फुसात जाते. तिथे गंज काढायचा स्प्रे, मशीनचे तेल किंवा वास येणारा गोंद मी वापरणार नाही. आवाज शोषणारा आतला फोमही बाजारातल्या स्पंजने बदलणार नाही. यंत्रातलाच आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याच्या भीतीने फिलिप्सने २०२१ च्या जूनमध्ये आपली लाखो यंत्रे परत मागवली होती. आमचे यंत्र त्यांतले नाही आणि आतला फोम अजून घट्ट आहे.

पुरवणी : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. यंत्र एकूण किती तास चालले, त्याची नोंद विचारली होती. ती १८,२०० आहे, म्हणजे पाणी शिरले नसते तरी मोटर उतरणीलाच लागली असती. ‘ऑटो मोड (यंत्र स्वतःच दाब कमी-जास्त करते ती सोय) लावून कमी दाबावर चालवा’ ही सूचना मात्र मी मानणार नाही, कारण दाब ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. बेअरिंग बदलण्याचा विचार सोडला आहे. त्याच मॉडेलचे, बोर्ड जळलेले पण ब्लोअर चांगला असलेले यंत्र पाहण्यासाठी एका सदस्यांनी ठाण्याला बोलावले आहे. तो ब्लोअर बसवला तर निदान आठवडाभर, रोज आठ तास, ११ च्या दाबावर त्याच यू आकाराच्या मोजमापाच्या नळीला जोडून यंत्र चालवीन आणि त्यानंतरच डॉक्टरांना दाखवीन. जुना ब्लोअर वापरण्याआधी तो आतून निर्जंतुक कसा करावा, हे मात्र अजून कळलेले नाही. स्पिरिटने पुसलेले चालते का, की त्याने पंख्याचे प्लास्टिक तडकते? ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया लिहावे. मी रविवारी ठाण्याला जाणार आहे.