टाचेमागची शीर धरली, भरती तोंडावर: घरी करण्याजोगे व्यायाम सांगा

बोरगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी. पोलीस भरतीची तयारी करून रायलो. गावात ग्राउंड नाही, शाळेच्या आवाराले कुलूप, म्हणून डांबरी रोडवरच पळतो. दिवाळीपासून उजव्या पायाची टाचेमागची जाड शीर दुखते. सकाळी खाटेवरून उतरलो की आधी लंगडतच चालतो, मग मोकळं होते. पळतानाही गरम झाल्यावर काही वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डबल. चिमटीत धरली तर टाचेपासून तीनेक बोटं वर जाडसर गाठीवानी लागते, दाबलं की चटका बसते. डॉक्टरनं गोळ्या देल्या, आराम सांगितला. आरामात बरं, पळालो की पुन्हा तेच. 1600 मीटरले 20 मार्क आहेत, तिथंच खेळ होते. युट्यूबवर एक म्हणते ताण दे, दुसरा म्हणते हात लावू नको. जिम तालुक्याले आहे, रोज जाणं परवडत नाही. कोणी यातून निघालं असन तर सांगा राजेहो.

आर्वीकडचे_काका
बाबू, मोहाचं तेल कोमट कर अन् रात्री मालिश कर. आमच्या इकडं एक जण शीर बसवून देतो, दोन झटक्यात काम.

फिजिओ_ताई
काका, तेलानं बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण शीर सरकलेलीच नाही तर बसवणार काय? झटके मात्र नकोत.

बोरगावच्या भाऊ, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय बघितल्याशिवाय ठाम बोलणार नाही, पण तू सांगतोस ते अकिलीस टेंडनच्या मधल्या भागाचं दुखणं वाटतं. पोटरीचे स्नायू याच दोरीनं टाचेच्या हाडाला बांधलेले असतात आणि पळताना तिच्यावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. नुसता आराम केला की दुखणं निवतं, पण दोरीची ताकदही उतरते. म्हणून तू पळायला लागलास की गाडी पुन्हा तिथंच. तिला हळूहळू वजन पेलायला शिकवणं हाच इलाज.

पायरीच्या काठावर चवडे ठेव, टाचा हवेत. दोन्ही पायांनी वर जा, डावा पाय उचल आणि एकट्या उजव्या पायावर सावकाश खाली ये, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. मनात तीन अंक मोज. वर जाताना परत दोन्ही पाय. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 फेरे, मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच. सकाळ-संध्याकाळ मिळून 180 होतात, आणि हे 12 आठवडे. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. वाकवलेल्या गुडघ्याचे फेरे पोरं हमखास गाळतात. ते गाळू नको, पोटरीचा खोलवरचा स्नायू त्यातच कामाला लागतो.

रोजचे 180 होत नसतील तर दुसरी वाट आहे: आठवड्यातून तीनच दिवस, पण जड वजन घेऊन आणि अगदी सावकाश. डेन्मार्कमध्ये 2015 साली दोन्हींची तुलना झाली, फरक फारसा निघाला नाही. खरं सांगायचं तर शेतातली कामं सांभाळणाऱ्यांना मी हीच सांगते, कारण ती टिकते. जिम कशाला पाहिजे? दप्तरात एक-एक किलोचे मिठाचे पुडे भर. सोपं वाटलं की एक वाढव, वजनाचा हिशेबही आपोआप राहतो.

दुखलं तर? 10 पैकी 5 पर्यंत चालवून घे, पण दुसऱ्या सकाळी पाय कालच्याइतकाच असायला हवा. सकाळची आखड वाढली तर वजन कमी कर. याच मापावर पळणंही चालू ठेवता येतं. फक्त अंतर कमी, 100 मीटरचे झपाटे आणि चढ सध्या बंद, आणि डांबर सोडून शेताच्या धुऱ्याकडच्या मातीच्या वाटेनं.

टाकळीची_ताई
माझंही तेच, पण दुखतं अगदी हाडाला चिकटून, चपलेचा पट्टा लागतो तिथं. दिवसभर घरोघरी फिरते. पायरीवरून टाच खाली सोडायचा व्यायाम व्हिडिओ बघून सुरू केला तर दुखणं वाढलं.

फिजिओ_ताई
ताई, तुमचं ठिकाण वेगळं आहे. तिथं टाच खाली गेली की टेंडन हाडावर दाबलं जातं. तुम्ही सपाट फरशीवरच करा, टाच जमिनीपर्यंतच येऊ द्या. पोटरी ताणायचे व्यायामही सध्या नको. उकिडवं बसून निंदण, भांडी घासणं यातही तोच दाब येतो, त्यामुळं पाटावर बसा. सपाट स्लिपरऐवजी टाचेला थोडी उंची असलेली, मागून पट्टा नसलेली चप्पल बघा.

मेडिकल_चौकातला
मी एक विचारू? अलीकडं कशाचा ताप आला होता का? सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकनं टेंडन दुखू शकतं, क्वचित तुटतंही. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली सरकारी औषध नियंत्रण संस्था) 2008 मध्ये यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडं तर टायफॉइडला, लघवीच्या जळजळीला सर्रास मिळतात. सोबत स्टेरॉइड असेल तर धोका आणखी. त्रास औषध संपल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतो.

बोरगावचा_पोरगा
बापा! नवरात्रात टायफॉइड झाला होता. फाईल काढून पाहिली, ऑफ्लॉक्सासिन लिहून आहे. अन् आता एक जण म्हणते टाचेत इंजेक्शन घे, आठ दिवसात पळशील.

फिजिओ_ताई
इंजेक्शन स्टेरॉइडचं असेल तर टेंडनमध्ये घेऊ नकोस, त्यानं ते तुटण्याची भीती असते. फाईल घेऊन आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव, मगच पायरीवर चढ. वर्धा जवळ पडत असेल तर सेवाग्रामला जा, सावंगीलाही फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. ही गोळी आपल्याला चालत नाही असं ठरलं तर फाईलवर लिहून घे आणि पुढं कुठंही ताप दाखवताना सांग.

आणि पळताना मागून कोणी लाथ घातल्यासारखं वाटलं, चवड्यावर उभं राहता येईना, तर घरी थांबू नकोस. पालथं झोपवून पोटरी दाबल्यावर पाऊल हललं नाही तर टेंडन तुटलेलं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना.

बोरगावचा_पोरगा
जातो. एक अडचण अजून. आमच्या घरची पायरी सारवलेली आहे, काठ गोल, पाय घसरते. दोन विटा रचल्या तर चालन काय?

फिजिओ_ताई
विटा नको, उलटतील. ग्रामपंचायतीच्या सिमेंटच्या पायऱ्या बघ, बाजूला खांब किंवा कठडा असेल अशा. एका हातानं तो धर. अनवाणी काठ रुततो, पळायचेच बूट घाल.