डोमेन संस्थेच्याच नावावर घ्या

फेसबुकचं पान असताना खानापूरच्या नाट्यमंडळाला वेबसाइट कशाला, असं दादा तुम्ही विचारलंत. हवीच. पण डिझाइनच्या आधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर घेताय ते बघा. आमच्या मंडळाचं एका कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर होतं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद ईमेलवर जात राहिल्या आणि ऐन एकांकिका स्पर्धेच्या आठवड्यात साइट गायब! दोष त्याचा नव्हे, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आता ईमेल संस्थेचा आहे, पासवर्ड सचिव आणि खजिनदार दोघांकडे.

दुसरं म्हणजे, नुसतं जाहिरातीचं चित्र टाकून थांबू नका. चित्रातली अक्षरं गूगलला नीट सापडत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ती धड वाचून दाखवत नाही. ‘कुमार गंधर्व रंगमंदिर, बेळगाव, संध्याकाळी ६ वाजता’ हे युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण मराठी लिहितो त्या पद्धतीत, टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पानावर नुसती चित्रविचित्र चिन्हं उमटतात. आणि खाली तेच कन्नडमध्येही द्या. आपल्याकडच्या संगीत नाटकांना कन्नड रसिक आवडीने येतात, त्यांना वेळ-ठिकाण विचारत फिरायला लावू नका.