काढून ठेवलेला पेसमेकर दुसऱ्या रुग्णाला बसवू द्यावा का?

कृष्णाकाठ:
वडील गेले तेव्हा त्यांना पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सावरणारे छातीतले छोटे यंत्र, बसवून जेमतेम चौदा महिने झाले होते. स्मशानात नेण्यापूर्वी डॉक्टरांनी छातीवर लहानसा छेद घेऊन तो काढला, कारण आतली लिथियमची बॅटरी चितेच्या किंवा विद्युतदाहिनीच्या उष्णतेने फुटते. यंत्र पुसून पाकिटात घालून माझ्या हातात देताना ‘याचा आता कोणाला उपयोग नाही’ असे ते म्हणाले. ते पाकीट अजून कपाटात आहे, आणि आतल्या बॅटरीचे आठ-नऊ वर्षांचे आयुष्य अजून शिल्लक असावे.

माझे मत असे आहे की त्याचा उपयोग आहे, आणि कायद्याने तो होऊ द्यावा. माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक, ग्वाटेमाला आणि होंडुरास या देशांतील 1,051 रुग्णांना वापरलेली, पुन्हा निर्जंतुक केलेली यंत्रे बसवली होती आणि त्यांची तुलना कॅनडात नवी यंत्रे बसवलेल्या 3,153 रुग्णांशी केली होती. दोन वर्षांत जंतुसंसर्ग पहिल्या गटात 2.0 टक्के आणि दुसऱ्यात 1.2 टक्के रुग्णांना झाला, परंतु रुग्णांमधील इतर फरक हिशेबात घेतल्यावर दोन्ही गटांत लक्षणीय अंतर उरले नाही. यंत्रामुळे मृत्यू एकही झाला नाही. आपल्या मुंबईतही अमेरिकेतील मृतांच्या कुटुंबांनी दिलेल्या 121 पेसमेकरांपैकी पुरेशी बॅटरी उरलेले 53 निवडून ते होली फॅमिली रुग्णालयातल्या गरीब रुग्णांना बसवले गेले आणि त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. मग अडचण नेमकी कुठे आहे?

उपकरणवाला:
अडचण तुम्ही ज्या वाक्यावरून घाईने पुढे गेलात, त्याच वाक्यात आहे. ‘लक्षणीय अंतर उरले नाही’ याचा अर्थ ‘अंतर नाही’ असा होत नाही. त्या अभ्यासातले जोखमीचे गुणोत्तर (1 म्हणजे दोन्ही गटांत सारखीच जोखीम) 1.06 असले, तरी त्या अंदाजातल्या अनिश्चिततेची वरची मर्यादा 1.71 आहे, म्हणजे जोखीम सत्तर टक्क्यांनी जास्त असण्याची शक्यताही त्या आकड्यांनी फेटाळलेली नाही. शिवाय एका गटाची शस्त्रक्रिया एका देशात आणि दुसऱ्याची भलत्याच देशांत झाली असताना फरक यंत्राचा की शस्त्रक्रियागृहाचा, हे सांगणे सोपे नसते.

मी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचे काम करतो. पेसमेकरचे टायटॅनियमचे कवच सीलबंद असते, ते स्वच्छ करणे कठीण नाही. कठीण असते ती वरची खाच, जिथे हृदयाकडे जाणारी तार, म्हणजे लीड, घालून बारीक स्क्रूने आवळतात. तिथल्या सिलिकॉनच्या पडद्यांमागे रक्ताचा अंश राहू शकतो. तेही धुऊन, तपासून, इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करता येईल. पण त्याहून मोठा प्रश्न नोंदीचा आहे. प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक कंपनीकडे एका रुग्णाच्या नावावर असतो, आणि उद्या त्या खेपेत दोष सापडला तर सूचना त्या नावाच्या माणसाला जाते. तुमच्या बाबतीत ती सूचना तुमच्या दिवंगत वडिलांच्या पत्त्यावर येईल, आणि ज्याच्या छातीत यंत्र चालू आहे त्याला काहीच कळणार नाही.

हिशेबनीस:
तांत्रिक मुद्दे सुटतीलही, परंतु मला बाजाराची भीती वाटते. ज्या देशात स्टेंटच्या (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीच्या) किमतीवर 2017 मध्ये सरकारला मर्यादा घालावी लागली, तिथे जुना पेसमेकर नव्याच्या दराने बिलात लावला जाणार नाही, याची खात्री कोण देईल? रुग्ण भुलीत असतो, नातेवाईक बाहेर बाकावर असतात आणि यंत्र कातडीखाली गेल्यावर कोणालाच दिसत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून पेसमेकर मिळू शकत असताना गरिबांसाठी उतरलेल्या वस्तूंची वेगळी रांग लावणे मला अपमानकारक वाटते.

माणदेशी फिजिशियन:
अपमानाचा मुद्दा मला समजतो, पण तो मांडणाऱ्याने एकदा पूर्ण हार्ट ब्लॉक झालेला रुग्ण जवळून पाहावा. वरच्या कप्प्यांचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही, नाडी तीसच्या आसपास येते, माणूस उभ्याउभ्या कोसळतो. काही वर्षांपूर्वी अशा एका बाईंना मी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे शिरेतून तात्पुरती तार घालून ठोके सावरले गेले, परंतु शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळेना. मंजुरी येईपर्यंत सहा दिवस गेले आणि तारेच्या जागी संसर्ग झाला. बाई वाचल्या. त्या सहा दिवसांत कोणी मला निर्जंतुक केलेला जुना पेसमेकर दिला असता, तर मी तो नाकारला नसता.

तरीही सरसकट परवानगीच्या बाजूने मी नाही. ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांना पाच वर्षे उरलेली बॅटरी बहुधा पुरेल. तिशीतल्या मुलीला तीच बसवली, तर पाच वर्षांनी पुन्हा कातडीखालचा तोच खिसा, म्हणजे यंत्र ठेवलेली जागा, उघडावा लागेल, आणि यंत्र बदलण्याच्या शस्त्रक्रियेत संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो. स्वस्तात मिळालेले यंत्र तिला शेवटी महागात पडेल.

कृष्णाकाठ:
हिशेबनीस यांचा बिलाचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या लक्षात आला नव्हता, हेही कबूल करतो. म्हणूनच हे काम खासगी रुग्णालयांकडे न देता नेत्रपेढीसारख्या एखाद्या सार्वजनिक पेढीकडे द्यावे, यंत्राचे पैसे घेण्यास बंदी असावी, रुग्णाची लेखी संमती असावी आणि लीड मात्र नेहमी नवीच वापरावी. मुंबईतल्या त्या रुग्णांनाही लीड नव्याच घातल्या होत्या. अपमानाबद्दल एवढेच विचारतो की मृताच्या डोळ्यातले पटल बसवलेल्या माणसाला आपण ‘वापरलेला डोळा मिळाला’ असे कधी म्हणतो का?

हिशेबनीस:
पटल कारखान्यात तयार होत नाही, म्हणून तिथे दानाशिवाय मार्ग नाही. पेसमेकर तयार होतो. तिथे उणीव पैशांची आणि कागदांची आहे, ती मृतांच्या छातीतून भरून काढू नये. माणदेशी यांनी सांगितलेल्या बाईंना जुने यंत्र नव्हे, सहा तासांत मंजुरी हवी होती.

माणदेशी फिजिशियन:
ती मिळेल त्या दिवशी मी तुमच्या बाजूला येईन.

उपकरणवाला:
कृष्णाकाठ, एक व्यावहारिक गोष्ट सांगायची राहिली. काढलेला पेसमेकर आपोआप बंद होत नाही. समोर हृदयाचे ठोके सापडत नसल्यामुळे तो ठरवून दिलेल्या किमान गतीने, बहुधा मिनिटाला साठच्या आसपास, संदेश सोडत राहतो, आणि बॅटरी थोडी थोडी खर्च होत राहते. कपाटातले ते पाकीट कोणाच्या उपयोगी पडावे अशी इच्छा असेल, तर निदान प्रोग्रामरवर (पेसमेकर बाहेरून वाचण्याच्या आणि त्याची गती बदलण्याच्या यंत्रावर) त्याची नोंद वाचून घ्या आणि ठोक्यांची गती कमीत कमी करून ठेवा. प्रोग्रामर मात्र त्याच कंपनीचा लागेल.

कृष्णाकाठ:
हे कोणी सांगितले नव्हते. म्हणजे गेले पाच महिने तो आत चालूच आहे.