मदत हवी आहे: यमकातली, पण खरं सांगणारी निसर्गाची चित्रपुस्तकं

मंडळी, बडोद्याहून लिहितेय. लेक साडेचार वर्षांची. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना गुजराती, आणि मराठी म्हणजे आम्ही दोघं आणि तिची आजी. साधी गोष्ट वाचून दाखवली तर ऐकते नि विसरते. यमक जुळलेलं असलं की दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना तेच चालू. म्हणून प्राणी, झाडं, पाऊस, चंद्र अशा विषयांवरची पद्यातली मराठी चित्रपुस्तकं हवी आहेत.

हाती लागतात त्यातली बरीच इंग्रजीवरून उतरवलेली. बर्फ, पांढरी अस्वलं, आणि ओळी अशा की वाचताना आजीची जीभ अडखळते. अस्सल मराठी असतात त्यांची चाल छान, पण यमकापायी माहितीचा बळी. एकात कोळी चक्क 'कीटक' आहे. चित्रात पाय मात्र बरोबर आठ, लेकीने मोजले! चांदोबा तर सगळीकडे रात्री येतो नि सकाळी पळतो. पौर्णिमेनंतरचे चार दिवस सकाळच्या शाळेला निघताना तो पश्चिमेला चांगला दिसतो. "हा पळाला का नाही?" याला काय उत्तर द्यायचं? कल्पनाशक्तीला माझा विरोध नाही, सशाला खुशाल टोपी घाला. पण मुखपृष्ठावर 'विज्ञान' छापलं असेल तर कोळ्याला कीटक करू नका.

सध्या वेड मगरीचं. इथल्या काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून विश्वामित्री नदीत डोकावायचं, थंडीत काठावर एखादी ऊन खात पडलेली दिसतेच. २०२४च्या पुरात मगरी वस्तीत शिरल्या, तेव्हापासून तर घरोघरी हाच विषय. आणि आपल्या गोष्टींतली मगर अजून माकडाचं काळीज मागतेय.

मोठा टाइप हवा (आजीसाठी), आणि फार महाग नको. पीडीएफ चालेल.

प्रतिसाद १
'प्रथम बुक्स' प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा, मोफत आहे. भाषा मराठी आणि पातळी एक किंवा दोन निवडा. परवाना खुला असल्यामुळे छापून घेता येतं. एखादी ओळ अडखळत असेल तर मूळ लेखक-चित्रकारांची नावं ठेवून स्वतःची सुधारलेली आवृत्तीही करता येते. मात्र छापण्याआधी मोठ्याने वाचा, तिथेही भाषांतरं बरीच आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका मराठीत आहे, स्वस्त आहे, पण त्यात पद्य थोडंच.

प्रतिसाद २
मी बालवाडीत शिकवायचे, आता निवृत्त. तुमच्या मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलात का? सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेलं, मराठी पुस्तकंही आहेत. जुने बालकवितासंग्रह चाळा.

बाकी मगरीचं पुस्तक शोधत बसू नका, करा. अष्टाक्षरी घ्या, आजींना ओवीमुळे ती सवयीची असणार. ओळीत आठ अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. आधी खरी गोष्ट एका वाक्यात लिहायची, मग यमक शोधायचं. उलट केलंत की कोळ्याचा कीटक होतो. हे बघा:

घाम तिला येत नाही
तोंड उघडून राही

जबडा उघडा ठेवला की आतल्या ओलाव्यातून उष्णता बाहेर जाते. पुढच्या पानाला अंडी घ्या. मगर काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. एवढी गंमत असताना माकडाचं काळीज कशाला?

धागाकर्ती
ताई, आजीने तुमच्या दोन ओळी लगेच पाठ केल्या. पण घरातून शंका आली आहे: पावसातही जबडा उघडा असतो, तेव्हा कुठे उकडत असतं?

प्रतिसाद २
शंका रास्त आहे. रात्री आणि पावसातही मगरी जबडा उघडा ठेवतात, त्यामुळे उष्णता हे एकच कारण नसावं, दुसऱ्या मगरींना काही दाखवायचं असेल असंही मानतात. माझ्या ओळी उन्हाच्या पानावर ठेवा. पावसाच्या पानावर नुसता प्रश्न छापा आणि खाली चित्र काढायला लेकीला जागा सोडा.

धागाकर्ती
चालेल. आता गांडुळासाठी यमक कोणी सुचवेल का? आमची गाडी 'धूळ'वर अडली आहे आणि गांडुळाला तर ओल लागते.