प्रतिसाद: सांगावे, पण किती?
दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला की समुपदेशकाने घरच्यांना सर्व सांगून मोकळे व्हावे, या मताशी मी अर्धाच सहमत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार इतरांना होणारी इजा टाळण्यासाठी उपचारकर्त्याला गोपनीयता मोडता येते. मात्र त्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती द्यावी, ही मर्यादाही तेथेच आहे.

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात, जेथे एका वाडीतली गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोहोचते, ती मर्यादा फार मोलाची ठरते. आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून भावावर कोयता उगारण्याची भाषा करणाऱ्या एकाबाबत मी, त्याला आधी सांगून, भावाला केवळ धोक्याची सूचना दिली. त्याच्या दारूचा आणि कर्जाचा विषय काढला नाही. (बालकांवरील लैंगिक अत्याचाराबाबत मात्र निवड उरत नाही, बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारकच आहे.)