अनुभव धागा: घरातले आणि परड्यातले किडे, उंदीर – आधी ओळख, मग औषध

मिरगाचा पाऊस लागला की आपल्या भागात घरोघरी तेच सुरू होतं. भिंतीवर मातीची रेघ उमटते, डब्यात सोंडे होतात, मोरीतून झुरळं वर येतात. दुकानात गेलं की ‘हे सगळ्यावर चालतंय’ म्हणून एकच बाटली हातात पडते. तिच्यावरचा मजकूर कन्नड आणि इंग्रजीत, आणि घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून ते औषध वापरलं जाणार त्याला दोन्ही वाचता येत नाही. म्हणून हे आवाहन. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, जिथं असाल तिथून लिहा. नेमकं काय दिसलं, ते कशावरून ओळखलं आणि काय केल्यावर गेलं, एवढं सांगा. सुरुवात मीच करते.

शहापूर, बेळगाव

आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, सागवानी चौकटींचं. वाळवी लागली म्हणून जो तो रॉकेल ओतायला सांगत होता. रॉकेलनं समोर दिसणारी वाळवी मरते, पण राणी जमिनीखाली असते आणि ती अंडी घालतच राहते.

आधी वाळवीच आहे ना, हे बघा. वाळवी उजेडात चालत नाही, ती भिंतीवरून मातीची पेन्सिलीएवढी जाड नळी बांधत जाते. नळीचा बोटभर तुकडा मोडून ठेवा. दोन दिवसांत तो परत लिंपलेला दिसला तर आत वर्दळ चालू आहे. पहिल्या पावसानंतर खिडकीत पंखांचा खच पडला असेल तर वारूळ जवळच आहे. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील आणि खाली पिठासारखा भुगा पडत असेल, माती कुठंच नसेल, तर ती वाळवी नाही, लाकूड पोखरणारा भुंगा आहे. त्याला जमिनीत औषध भरून काही उपयोग नाही, लाकडावरच उपचार करावा लागतो.

वाळवीसाठी जाणकार माणसाकडून फरशी आणि भिंत मिळते तिथं साधारण फूट-फूट अंतरावर बारीक भोकं पाडून औषध भरून घेतलं आणि भोकं सिमेंटनं बुजवली. परड्यात आमचा आड आहे, पाणी पिण्याचं. त्या बाजूच्या भिंतीला औषध भरू दिलं नाही. तिथं टेकवलेली जळणाची लाकडं हलवली, गळका पाइप बदलला आणि चौकटीचा खालचा कुजका भाग कापून दगडी उंबरा बसवला. ओल आणि लाकूड दोन्ही गेल्यावर तिकडं वाळवी फिरकली नाही. ज्यांच्या घरी आड किंवा बोअर आहे त्यांनी कामगाराला हे आधीच बजावून सांगावं.

निपाणी

आमची गल्ली तंबाखूच्या वखारींजवळची. संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती तांबूस, तिळाएवढे किडे फिरायचे. मग हळदीच्या पुडीला भोकं दिसली, नंतर धन्यात, नंतर ब्याडगी मिरचीत. वर्षाची चटणी कुटायच्या दिवसांत जीव अगदी रडकुंडीला आला.

हा तंबाखूवरचाच किडा. दोन ते तीन मिलिमीटरचा, पाठीला पोक, डोकं खाली दुमडलेलं. हात लावला की पाय आखडून मेल्यासारखा पडून राहतो. तंबाखू पचवतो, त्याला हळद-मिरची काय जड! वखारीतनं घरात येतो आणि मसाल्यात वाढतो. तांदळातल्या सोंड्यांशी गल्लत करू नका, सोंड्याला पुढं स्पष्ट सोंड असते, याला नाही.

मसाल्यात विषारी औषध घालायचा प्रश्नच येत नाही. ज्याला जाळी धरली होती ते टाकून दिलं. बाकीचं कडक उन्हात वाळवलं आणि थोडं थोडं करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलं, म्हणजे आतली अंडी-अळ्याही मरतात. नंतर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. प्लॅस्टिकची पिशवी हा किडा सहज पोखरतो. आणि जुन्या हळदीवर नवी कधी ओतायची नाही. हे शेवटचं नियम म्हणून पाळलं तेव्हाच त्रास थांबला.

येळ्ळूर

निपाणीच्या काकूंचं वाचून लिहितो, कारण आमच्यात धान्याच्या बाबतीत एक फार वाईट सवय आहे. वर्षाचा बासमती घरात भरायचा आणि पोत्यांमध्ये सेल्फॉसच्या गोळ्या ठेवायच्या. कळकळीनं सांगतो, झोपायच्या घरात ही गोळी आणूच नका. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या दमटपणानं तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि त्याच्यावर उतारा नाही. सरकारी नियमानंही ती घरगुती वापरासाठी नाही, प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरायची आहे. आम्ही भात तसंच कणगीत ठेवतो आणि लागेल तसं गिरणीतून तांदूळ करून आणतो. टरफल असेपर्यंत कीड कमी लागते. डाळींना एरंडेलाचा हात.

दुसरं, भाताच्या शेताजवळ घर असणाऱ्यांसाठी. पावसाळा सरताना दिव्यावर मुंगीसारखा लांबट किडा येतो, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे. तो चावत नाही. पण मानेवर बसला म्हणून चिरडला की त्याच्या अंगातला रस लागतो, आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा लांब चट्टा उठतो. लोक त्याला नागीण समजून मंत्र घालून घेत फिरतात. चिरडू नका, फुंकून उडवा. रस लागलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. हा किडा शेतात तुडतुडे आणि बारीक अळ्या खातो, त्यामुळे शेतात त्याच्यावर फवारणी करू नये. घरात रात्री पांढरा दिवा कमी आणि खिडकीला जाळी, एवढं पुरतं.

चिकोडीजवळचं गाव

ऊसतोड झाली की फडातले उंदीर सरळ घरात येतात. दरसालचं आहे. मी लेंड्या बघून ठरवतो. तांदळाएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या असल्या तर घरातला छोटा उंदीर. बोराच्या बीएवढ्या मोठ्या, आणि परड्यात बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असेल तर घूस. आणि भिंतीच्या कडेनं चीं-चीं करत जाणारी, उग्र वासाची, लांब नाकाची ती चिचुंद्री. ती उंदरांच्या जातीची नव्हेच, झुरळं आणि किडे खाते. तिला मारू नका.

औषधाबद्दल. झिंक फॉस्फाइडचं काळं विष खाल्ल्यावर उंदीर लगेच मरतो, पण ज्यानं थोडंच खाल्लं आणि वाचला तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल लावलेलं भरड धान्य ठेवायचं, मग विषाचं. ब्रोमाडायोलोनची वडी सावकाश काम करते, चार-पाच दिवसांनी उंदीर मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही. चुकून पोराबाळानं खाल्लं तर त्यावर व्हिटॅमिन के देता येतं, म्हणून दवाखान्यात जाताना वेष्टण बरोबर न्यायचं. ट्यूबमधल्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर मात्र उतारा नाही, ती यकृत निकामी करते. ती पेस्ट आमच्या घरात येत नाही आणि तुमच्याही येऊ नये असं मनापासून वाटतं.

धाग्याच्या सुरुवातीला ताईंनी कन्नड मजकुराचं लिहिलंय. शेतीऔषधाच्या बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, तो कुठल्याही भाषेतल्या माणसाला कळतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य. माझ्या आईला मी एवढंच शिकवलंय: लाल आणि पिवळा घरात नाही. बाकी विचारायचं असेल तर आपल्या होबळीच्या (तालुक्याखालचा गावांचा गट) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी केंद्रात जा, किंवा बैलहोंगल बाजूच्यांना मत्तिकोपचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे.

बेळगाव, आशा कार्यकर्ती

शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, पण बऱ्याच गल्ल्यांत रोज येत नाही, म्हणून घराघरात टाक्या आणि पिंपं भरलेली. डेंगूचा डास गटारात नाही, या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो. लोक पाणी ओतून देतात आणि निश्चिंत होतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी काथ्यानं घासायलाच हवी. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, हा हिशेब धरून आठवडा म्हणतेय. फ्रीजच्या मागची ताटली, कुंडीखालची बशी आणि परड्यातली नारळाची करवंटी बघा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात मागितले तर मिळतात.

जांबोटी परिसर, खानापूर तालुका

आमच्याकडचा किडा म्हणजे गोचीड, आणि त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. माकडतापाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. पुढं आपल्या शेजारी गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही रुग्ण सापडले. तो पसरवते जंगलातली गोचीड, त्यातही बारकी, राईएवढी, जी अंगावर चढलेली कळतही नाही. डिसेंबर ते मे हा तिचा मुख्य काळ.

आपल्याकडे गोठ्यात घालायला रानातला पातेरा (सुका पालापाचोळा) आणून घराशेजारी रचायची रीत आहे. त्या पातेऱ्यातून गोचीड दारापर्यंत येते. आम्ही या महिन्यांत पातेरा आणणं बंद केलं, गवताचा पेंढाच वापरतो. रानात जाताना गोचीड दूर ठेवणारं आरोग्य खात्याचं डेपा तेल हातापायाला, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, कपडेही गरम पाण्यात. गोचीड चिकटलीच तर रॉकेल ओतू नका, काडी लावू नका. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. रानात किंवा परड्यात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आणि अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरांना आपण रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा, म्हणजे त्या दिशेनं तपासणी होते.

संकेश्वर

आमच्या परड्यातल्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायींचं थोडक्यात. पपईच्या रोपाची पानं एका रात्रीत फस्त. मीठ टाकल्यानं त्या मरतात, पण माती खारवते आणि तिथं पुढं भाजी येत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली पपईची पानं, कोबीची सालं ठेवा. सकाळी सगळ्या तिथंच जमलेल्या असतात. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालूनच वेचा, कारण त्यांच्यात मेंदूला सूज आणणारी कृमी असू शकते. वेचलेल्या साबणाच्या घट्ट पाण्याच्या बादलीत टाकून मग खोल पुरा. मातीत हरभऱ्याएवढ्या पिवळट अंड्यांचे पुंजके सापडतील, तेही फोडा. एका खेपेत शंभराच्या वर अंडी असतात. परड्यातली पालेभाजी कच्ची खात असाल तर पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुवा.