आधी आहे तो फायरवॉल नीट लावा

विंडोजचा फायरवॉल (कॉम्प्युटर आणि नेटवर्क यांच्यातली ये-जा तपासून नको ती अडवणारा प्रोग्राम) फक्त बाहेरून आत येणारं अडवतो, म्हणून वेगळा घ्यायलाच हवा, असं काही जण म्हणतात. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीच्या बाबतीत ते खरं होतं. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम) १३५ क्रमांकाच्या पोर्टातून, म्हणजे नेटवर्कच्या एका दारातून, शिरायचा, कुठेही क्लिक न करता. २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागला. पुढे व्हिस्टा या नंतरच्या विंडोजपासून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवरही नियम लावता येतात, फक्त मुळात त्या मोकळ्या सोडलेल्या असतात.

वेगळा फायरवॉल घ्यायचा तो नेमका या बाहेर जाणाऱ्यांसाठी: कुठला प्रोग्राम गुपचूप कुणाशी बोलतोय ते कळावं म्हणून. पण असे फायरवॉल सुरुवातीला सतत विचारत राहतात. घरच्यांच्या कॉम्प्युटरवर मी असा एक बसवला होता. दोन दिवसांत सगळे न वाचताच 'परवानगी द्या' दाबू लागले. मग त्याचा उपयोग काय? तो काढून टाकला. ज्याला प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर द्यायचा धीर आहे, त्यानेच घ्यावा. सिंपलवॉल त्यासाठी चांगला आहे, फुकट आणि हलका.

दोन फायरवॉल एकत्र मात्र चालवू नका, एकाचा नियम दुसऱ्याला आडवा येतो. आणि बाहेरच्या वायफायला जोडताना विंडोजमध्ये नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' (सार्वजनिक) ठेवा, हे बरेच जण विसरतात. मॅक वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघाच, तिथे फायरवॉल बहुतेकदा बंद असतो.